सोन्याच्या गावात घर घ्यावे का? (सिएरा नेवाडाच्या पायथ्याची जुनी खाणगावे)

पारिजात

नमस्कार मंडळी. आम्ही दोघे गेली २१ वर्षे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये राहतो. मुलगी शिक्षणासाठी बॉस्टनला गेली, आमची दोघांची कामे आता बहुतांशी घरूनच चालतात, आणि एवढे मोठे घर झाडण्यापुसण्यापुरतेच उरले आहे असे वाटू लागले आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये मेपलची लालबुंद पाने पाहायची म्हणून आम्ही सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या नेवाडा सिटी आणि ग्रास व्हॅली या शेजारशेजारच्या गावांत तीन दिवस राहिलो. परतताना गाडीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही. वाटेतले डेव्हिस मागे पडल्यावर हे म्हणाले, "इथे राहायला यायला काय हरकत आहे?" तेव्हापासून रोज रात्री घरांच्या जाहिराती चाळण्याचा नाद लागला आहे.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे, अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर सटरच्या लाकूडगिरणीचे काम चालू असताना जेम्स मार्शल याला पाण्याच्या चरात सोन्याचे कण दिसले, आणि पुढच्याच वर्षी जगभरातून माणसांचा लोंढा इकडे वळला. १८४९ साली आलेल्या त्या लोकांची आठवण म्हणून डोंगराच्या पायथ्यापायथ्याने जाणाऱ्या रस्त्याला ४९ हा क्रमांक मिळाला. मॅरिपोसा, सोनोरा, एंजल्स कॅम्प, जॅक्सन, सटर क्रीक, प्लासरव्हिल, ऑबर्न, ग्रास व्हॅली, नेवाडा सिटी, डाउनीव्हिल ही सगळी गावे त्या एका रस्त्यावर माळेसारखी ओवलेली आहेत.

मला सर्वांत मोहवले ते नेवाडा सिटीच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या विटांच्या दुकानांनी. दरवाजे-खिडक्यांना बाहेरून जाड लोखंडी झडपा आहेत, त्यांच्या बिजागऱ्या मनगटाएवढ्या आहेत, आणि रंगाचे इतके थर चढले आहेत की रिवेट आता नुसत्या पुळ्यांसारख्या दिसतात. एका दुकानदाराने सांगितले की १८५६ च्या आगीत गाव बेचिराख झाले आणि त्यानंतर व्यापारी विटा आणि लोखंड यांशिवाय बांधेनासे झाले. त्या क्षणी मला ती झडप केवळ देखणी वाटली. घरी आल्यावर मात्र मनात आले, की आगीची ती भीती अजून तिथेच आहे का?

तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या मंडळींनी पाणी, आग, विमा, दवाखाना, शेजार यांविषयी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती. निसर्गरम्य वगैरे आम्ही स्वतः पाहून आलो आहोत, त्यामुळे त्याचे वर्णन कृपया नको.

पाटकरी

पारिजातताई, वर्णन नको म्हणालात हे फार बरे केले. मी २०१२ पासून ग्रास व्हॅलीच्या बाहेर साडेतीन एकरांवर राहतो. माझ्या या नावापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या अर्ध्या प्रश्नांचे उत्तर त्यात आहे.

मी मूळचा राहुरीचा. मुळा धरणाच्या कालव्यावर आमची जमीन होती, आणि पाण्याची पाळी आली की पाटकरी सायकलवरून येऊन पाटाचे दार उघडून देत असे. इथे घर घेतल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये एक गृहस्थ पिकअपमधून आले, आमच्या कुंपणालगत पाटाला जोडलेल्या पेटीचे झाकण त्यांनी उचलले, ठरावीक मापाचे भोक असलेली एक पट्टी आत सरकवली, पाणी नीट पडते की नाही ते क्षणभर वाकून पाहिले, मला हात केला आणि निघून गेले. मी बायकोला हाक मारून म्हटले, "अगं, इथेही पाटकरी आहे!"

हे पाट शेतीसाठी खणलेले नव्हते. नदीकाठची वरवरची वाळू धुऊन झाल्यावर खाणवाल्यांना डोंगराच्या उतारावर पाणी हवे झाले, म्हणून वरच्या खोऱ्यांतून मैलोन् मैल पाट आणि लाकडी पन्हाळी बांधून ते आणले गेले. खाणींचा भर ओसरल्यावर त्यांतले बरेच पाट वीज आणि शेती यांच्या कामी आले. १९२१ साली इथला सिंचन जिल्हा, म्हणजे पाणी वाटणारी स्थानिक संस्था, स्थापन झाला, आणि त्याच्या जाळ्यात खाणकाळातले कितीतरी पाट आजही वाहत आहेत. पाणी मोजण्याचे एककही अजून तेच जुने आहे, त्याला 'मायनर्स इंच' म्हणतात. आमच्याकडे एक इंच म्हणजे मिनिटाला ११.२२ गॅलन पाणी, १५ एप्रिल ते १४ ऑक्टोबर या हंगामात, रात्रंदिवस. हे पाणी पिण्याचे नाही, फक्त बागेचे आणि गुराढोरांचे. पिण्यासाठी गावात शुद्ध केलेले नळाचे पाणी असते, बाहेर बहुतेकांची विहीर म्हणजे कूपनलिका असते. इथला खडक भेगाळ आहे. एका घराला भरपूर पाणी लागते आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्या घराची विहीर ऑगस्टमध्ये धापा टाकते. त्यामुळे जाहिरातीत नुसते 'विहीर आहे' असे लिहिले असेल तर पावसाळ्यानंतरचा नव्हे, उन्हाळ्याच्या अखेरचा उपसा किती होता ते विचारा.

आता आगीविषयी. इथला पाऊस आपल्या उलट आहे. तो दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि एप्रिलच्या आसपास थांबतो, त्यानंतर पाच-सहा महिने आभाळातून थेंब पडत नाही. आपल्याकडे आषाढात डोंगर हिरवेगार होतात, इथे त्याच महिन्यांत गवत पिवळे होऊन कुरकुरीत वाळते. भर म्हणून, ज्या गर्द झाडीने तुम्हांला वेड लावले ती मूळची नाही. खाणींच्या आधारखांबांसाठी, पन्हाळींसाठी आणि वाफेच्या बॉयलरसाठी इथले डोंगर तासून काढले होते. आज दिसते ती त्यानंतर एकदम उगवलेली, दाटीवाटीची झाडी आहे. इथले मूळ रहिवासी निसेनान लोक ठरावीक काळाने जमिनीलगतचा पालापाचोळा जाळून जंगल विरळ ठेवीत असत. तो रिवाज बंद पाडला गेला आणि नंतर शंभर वर्षे दिसेल ती आग विझवण्याचे धोरण चालले. पाचोळा साठतच गेला.

१९८८ साली आमच्याच काउंटीत 'फोर्टीनायनर' नावाची मोठी आग लागली होती, तिच्या आठवणी जुने शेजारी अजून सांगतात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये इथून उत्तरेला ब्यूट काउंटीतले पॅराडाइज गाव एका दिवसात जळाले आणि ८५ माणसे गेली. २०२१ साली दक्षिणेकडे कॅल्डोर आगीत ग्रिझली फ्लॅट्स हे गाव जवळजवळ संपले. ही सगळी पायथ्याचीच गावे आहेत.

कायद्याने घराभोवती १०० फुटांपर्यंत झाडोरा विरळ आणि गवत कापलेले ठेवावे लागते. हे एकदाच करून भागत नाही, दर मे महिन्यात करावे लागते. साडेतीन एकर जमीन म्हणजे केवढे सुख असे मला पहिल्या वर्षी वाटले होते; दुसऱ्या वर्षी मी ब्रशकटर विकत घेतला आणि तिसऱ्या वर्षी कंबरेचा पट्टा. शिवाय झुडपे तोडताना पॉयझन ओकपासून जपा. तो आपल्या बिब्ब्याच्या कुळातला आहे, आणि बिब्बा उतावा तसेच अंगावर उततो.

विम्याचे स्वतंत्र सांगतो, कारण माझ्या मते निर्णय तिथेच होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विमा कंपनीने, आम्ही आयुष्यात एकही दावा केलेला नसताना, पुढच्या वर्षी विमा चालू ठेवणार नाही असे पत्र पाठवले. सात-आठ ठिकाणी नकार मिळाल्यावर आम्ही राज्यातल्या 'फेअर प्लॅन' नावाच्या शेवटच्या आधाराकडे गेलो. तो मुख्यतः आगीपुरता असतो. चोरी, फुटलेला नळ, कोणी घसरून पडल्यास येणारी जबाबदारी यांसाठी दुसरा विमा वेगळा घ्यावा लागतो. दोन्ही मिळून आमचा हप्ता पूर्वीच्या जवळपास तिप्पट झाला. म्हणून घर आवडले तरी बोली लावण्याआधी त्या पत्त्यासाठी विम्याची लेखी रक्कम हातात घ्या. उलट्या क्रमाने गेलेले दोन संसार मी ओळखतो.

अबोली

पाटकरींनी लिहिलेले सगळे खरे आहे. मी माझा वेगळा अनुभव लिहिते. आम्ही प्लासरव्हिलला अडीच वर्षे राहिलो आणि परत फॉल्समला आलो. आगीमुळे नाही, एकटेपणामुळे.

वरकरणी सगळे ठीक होते. शेजारी भले होते, हिवाळ्यात आमच्या दारातला पडलेला ओक एकाने न सांगता करवतीने कापून दिला. परंतु संध्याकाळी सहज चहाला कोणाकडे जावे असे घर नव्हते. गणपतीला पाच माणसे जमवायची तर पाचही फॉल्सम किंवा रोझव्हिलहून यायची, आणि काळोख पडायच्या आत त्यांना घाटरस्त्याने परतायचे असायचे. कोथिंबीर मिळत असे, गवार आणि मटकी मिळत नसे. दर शनिवारी डोंगर उतरून किराणा भरायचा, त्याच फेरीत मुलीचा नृत्याचा वर्ग करायचा आणि अंधार पडताना वर चढायचे, असा आमचा सप्ताह झाला होता. विशेषज्ञ डॉक्टरसाठीही खालीच यावे लागे. पारिजातताई, तुम्ही दोघेच आहात, मुलीचे शाळा-वर्ग नाहीत, त्यामुळे तुम्हांला हे कमी जाचेल. पण साठीनंतर रात्री वळणाचा रस्ता चालवायचा की नाही, हा प्रश्न आताच विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट सांगू की नको असे वाटत होते. या गावांना आपला इतिहास फार प्रिय आहे, मात्र तो ते निवडून सांगतात. प्लासरव्हिलचे जुने नाव 'हँगटाउन' होते, म्हणजे फाशीगाव. आम्ही राहत होतो तेव्हा मुख्य रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीवर गळ्यात फास अडकवलेला पुतळा टांगलेला असे, आणि पर्यटक त्याखाली उभे राहून फोटो काढत. माझ्या सात वर्षांच्या मुलीने "त्याने काय केलं होतं?" असे विचारले, त्याचे उत्तर मला देता आले नाही. गावाच्या बोधचिन्हातला फास नगर परिषदेने २०२१ साली काढून टाकला, तेव्हा त्यावरून गावात दोन तट पडले होते.

१८५० साली कॅलिफोर्नियाने परदेशी खाणकामगारांवर महिना २० डॉलरचा कर बसवला. तो उठल्यावर १८५२ मध्ये नवा कर आला, आणि त्याचा बोजा मुख्यतः चिनी मजुरांवर पडला. त्यांनी बांधलेल्या पाटांच्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांच्या वस्त्या मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या पाटीपुरत्या उरल्या आहेत. फिडलटाउनला एका चिनी वैद्याचे माती ठोकून बांधलेल्या भिंतींचे दुकान टिकून आहे, ते आवर्जून पाहा. निसेनान लोकांचे तर, नेवाडा सिटीजवळची त्यांची वसाहत १९६४ साली केंद्र सरकारने मोडीत काढली आणि जमात म्हणून मिळालेली मान्यता काढून घेतली. त्यांचे वंशज आजही त्याच गावात राहतात आणि ती मान्यता परत मागत आहेत. आपणही त्या जमिनीवर बाहेरूनच येणार आहोत, तेव्हा हे ठाऊक असलेले बरे.

डोंगरझरा

आम्ही दक्षिणेला सटर क्रीकजवळ राहतो. नेवाडा सिटीच्या मानाने इकडे उंची कमी, बर्फ नाममात्र आणि द्राक्षमळे जास्त. उन्हाळा मात्र भाजून काढतो. जॅक्सनला गेलात तर केनेडी खाणीची लाकडी चाके पाहून या. खाणीतला गाळ टेकड्यांपलीकडच्या तळ्यात उचलून टाकण्यासाठी १९१४ साली ५८ फूट व्यासाची चार चाके उभारली होती, त्यांतली काही आज मोडून पडली आहेत. शेजारच्या आर्गोनॉट खाणीत ऑगस्ट १९२२ मध्ये आग लागून ४७ कामगार आत अडकून मेले. आमच्या गावातल्या जुन्या घरांत अजून त्या दिवसाविषयी हळू आवाजात बोलतात.

भूस्तर

मी भूशास्त्रज्ञ आहे आणि दूषित जमिनींच्या तपासणीचे काम बरीच वर्षे केले आहे. पारिजात, तुमच्या यादीत 'जमीन' हा शब्द नाही, तो सर्वांत वर घाला.

या पट्ट्यातले सोने दोन प्रकारांनी काढले गेले आणि त्या दोघांचे अवशेष वेगवेगळे आहेत. पहिला प्रकार पाण्याचा. १८५३ च्या सुमारास नेवाडा सिटीजवळच उच्च दाबाच्या पाण्याचे फवारे मारून अख्ख्या टेकड्या खाली आणण्याची पद्धत सुरू झाली. मालाकॉफ डिगिन्स येथे जवळजवळ ६०० फूट खोलीचा खड्डा आजही पाहता येतो. पर्यटक त्याच्या रंगीत कड्यांची तारीफ करतात, पण ती झीज नैसर्गिक नाही. वाहून आलेल्या गाळाने युबा नदीचे पात्र इतके उंचावले की मेरीझव्हिल शहराला बांधामागून बांध उंच करत बसावे लागले. तिथल्या एका मालमत्ताधारकाने दावा लावला आणि जानेवारी १८८४ मध्ये न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी नदीत गाळ सोडण्यास मनाई केली. त्या निकालाने हा धंदा जवळपास बसला.

गाळात सोने पकडण्यासाठी लाकडी पन्हाळीत पारा ओतत असत, आणि त्यातला बराच पारा पाण्याबरोबर निसटत असे. हा पारा मुख्यतः कोठून येत होता, तर सॅन होजेजवळच्या न्यू अल्मादेनच्या टेकड्यांतून, जिथे आपली निम्मी मराठी मंडळी रविवारी फिरायला जातात. तो अजून इथल्या धरणांच्या तळाशी आहे आणि माशांत उतरतो. म्हणून काही जलाशयांतले मासे, विशेषतः 'बास' जातीचे, किती खावेत याविषयी राज्याच्या सूचना असतात. पोहायला त्याची अडचण नाही. युबात पोहताना भीती असते ती वितळलेल्या बर्फाच्या गार पाण्याची आणि मे महिन्यातल्या ओढीची.

दुसरा प्रकार कठीण खडकातल्या खाणींचा. ग्रास व्हॅलीची एम्पायर खाण १८५० ते १९५६ अशी शंभराहून अधिक वर्षे चालली, तिच्यातून सुमारे ५८ लाख औंस सोने निघाले आणि जमिनीखाली ३६७ मैलांचे बोगदे मागे राहिले. ती सोने संपले म्हणून बंद झाली नाही. १९३४ पासून सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलरवर बांधलेला होता आणि मजुरी, लाकूड, वीज वाढतच होती. या खडकात सोन्याबरोबर आर्सेनिक असते. दगड कुटून उरलेला करडा, पिठासारखा बारीक गाळ जवळच्या दरीत टाकत असत, आणि पुढे काहींनी तोच भराव म्हणून वापरला. नेवाडा सिटीच्या बाहेर लाव्हा कॅप खाणीचा लाकडी बांध जानेवारी १९९७ मध्ये फुटून असा गाळ खालच्या ओढ्यात गेला, आणि १९९९ साली ती जागा केंद्राच्या सुपरफंड यादीत, म्हणजे दूषित जागांच्या सफाईच्या यादीत, आली. तेव्हा घर पाहताना अंगणात करड्या बारीक वाळूचा भराव दिसला, किंवा जवळपास दगड कुटण्याच्या गिरणीचा चौथरा असला, तर मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. तोपर्यंत वांगी-मेथी वाफ्यांत बाहेरून आणलेल्या मातीत लावा.

राज्यात सोडून दिलेल्या खाणी सुमारे ४७,००० आहेत असा सरकारी अंदाज आहे. मुसळधार पावसानंतर एखाद्याच्या परसात जुना कूपक, म्हणजे खाणीचा उभा खड्डा, तोंड उघडतो, असे होत असते. त्याहून गुंतागुंतीची बाब अशी, की ग्रास व्हॅलीत काही ठिकाणी पृष्ठभागाचा मालक एक आणि पोटातल्या खनिजांचा मालक दुसरा असतो. तेथील आयडाहो-मेरीलँड खाण पुन्हा उघडण्याचा प्रस्ताव अलीकडे बरीच वर्षे गाजत होता. बोगद्यांतले साठलेले पाणी उपसले तर आमच्या विहिरी आटतील, ही शेजाऱ्यांची मुख्य हरकत होती. काउंटीच्या मंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो प्रस्ताव फेटाळला. खनिजांचे हक्क कोणाकडे आहेत हे मालकीच्या कागदांत सापडते, फक्त ते कंटाळवाणे पान वाचावे लागते.

पोफळी

मी कोयना प्रकल्पातून निवृत्त झालेला अभियंता आहे. सध्या मुलाकडे रोझव्हिलला आलो आहे आणि गेल्याच आठवड्यात त्याने मला ग्रास व्हॅलीला नेले. घर घेण्याविषयी सांगण्याजोगे माझ्याकडे काही नाही, तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहात मी आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या चाकापाशी काढली, ते पेल्टन चाक याच गावांत जन्माला आले. लेस्टर पेल्टन हा कॅम्पटनव्हिलचा सुतारकाम आणि यंत्रदुरुस्ती करणारा माणूस. १८८० साली त्याने एकस्व (पेटंट) घेतले. घरच्या घरी समजून घ्यायचे तर नळाच्या धारेखाली एक चमचा धरा. धार मध्यावर पडली की पाणी तुमच्याच अंगावर उलटते आणि जोर वाया जातो. पेल्टनने दोन चमचे शेजारी जोडावेत तशी वाटी केली आणि मधल्या धारदार कण्यावर पाणी सोडले. धार दुभंगून दोन्ही बाजूंनी वळसा घेऊन बाहेर पडते आणि जवळजवळ सगळा जोर चाकाला देऊन जाते. खाणवाल्यांकडे उंचावरून येणारे थोडे पण जोरकस पाणी होते, त्यालाच हे चाक साजेसे होते, आणि सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात उतरणाऱ्या पाण्यालाही तेच साजले. टाटांच्या १९१५ च्या खोपोली वीजगृहातही पेल्टन चाकेच होती.

नॉर्थ स्टार खाणीच्या जुन्या यंत्रघरात ३० फूट व्यासाचे एक पेल्टन चाक जतन केले आहे. खाणीसाठी हवा दाबण्याच्या कामी ते लावले होते. मी त्याच्या एका वाटीच्या कण्यावरून बोट फिरवले. पाण्यातल्या वाळूने तिथे जी झीज होते, ती आम्ही दर वर्षी वेल्डिंग करून भरत असू. मुलगा बाहेर गाडीत तासभर थांबला होता, आणि नंतर मला त्याची क्षमा मागावी लागली.

पाटकरी

पोफळीकाका, पुढच्या खेपेस आमच्याकडेच उतरा, तासाचे बंधन राहणार नाही. जाता जाता तुमच्यासाठी आणखी एक दुवा. एम्पायरसारख्या खाणींत इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार होते, आणि त्याच मुलखातले लोक १८८० नंतर आपल्या कोलार सोनखाणीतही गेले. ग्रास व्हॅलीत त्यांची 'पेस्टी' अजून मिळते. बटाटा आणि मांस भरलेली, काठाला मुरड घातलेली ती तळहाताएवढी करंजीच म्हणा ना. आत सारण तिखट नसते, एवढाच तिचा दोष.

अबोलीताईंचे एकटेपणाविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, आणि त्यावर माझ्याकडे तोड नाही. आम्ही दोघे मुळात खेड्यातले आहोत, त्यामुळे आम्हांला ते सोसले. वीज जाण्याचे लिहायचे राहिले. कोरडा वारा सुटला की आग लागू नये म्हणून वीज कंपन्या आधीच पुरवठा तोडतात. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे एकदा सलग चार दिवस वीज नव्हती. विहिरीचा पंप बंद, म्हणजे पाणीही नाही. बायकोने पाटाचे पाणी बादलीने आणून शौचालयाला वापरले आणि म्हणाली, "राहुरी सोडून अमेरिकेत आलो ते ह्यासाठी!" तेव्हा जनरेटर किंवा मोठी बॅटरी चैनीत धरू नका, घराच्या किमतीत धरा.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन महिने लागले, कारण तुमचे प्रतिसाद छापून घेऊन आम्ही मार्चमध्ये पुन्हा तिकडे गेलो होतो.

पहिले घर नेवाडा सिटीबाहेर, पाइनच्या दाटीत होते. फोटोंत पाहून मी त्याच्या प्रेमात पडले होते. तिथे एकच अरुंद रस्ता आत जातो आणि तोच बाहेर येतो, हे फोटोंत दिसत नाही. पाटकरींच्या सांगण्याप्रमाणे आधी विम्याचे विचारले. चार ठिकाणी नकार आला, आणि फेअर प्लॅनचा आकडा ऐकून ह्यांनी पेन खाली ठेवले. मी परतीच्या वाटेवर थोडी रडले, हे इथे कबूल करते.

दुसरे घर ग्रास व्हॅलीच्या वस्तीतच आहे, कोण्या खाणकामगारासाठी बांधलेले, दोन खोल्यांचे, मागे नंतर वाढवलेले स्वयंपाकघर. नळाचे पाणी आहे, दवाखाना गावातच आहे. अंगण उघडे आहे, मोठी झाडे थोडीच आहेत. विमा मिळतो, महाग असला तरी मिळतो. छपराखालच्या झरोक्यांना बारीक जाळी बसवावी आणि भिंतीलगतचे लाकडी कुंपण काढावे, अशा अटी आहेत. भूस्तर यांच्या सल्ल्याप्रमाणे परसातल्या मातीचे तीन नमुने दिले होते. दोन ठीक निघाले. तिसरा, मागच्या दगडी पायरीजवळचा, आर्सेनिकच्या बाबतीत तज्ज्ञाला दाखवावा असा निघाला, तेव्हा सध्या ते काम चालू आहे. मालकीच्या कागदांत ते कंटाळवाणे पानही सापडले. जमिनीखालचे हक्क १०० फुटांच्या खाली आमचे नसतील.

एकटेपणाविषयी आम्ही असे ठरवले आहे की पहिले वर्ष फ्रीमाँटचे घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे. अबोलीताई, गणपतीला तुम्हांला नक्की बोलावू, आणि रात्री राहायची सोय करू.

आता एक बारीक प्रश्न उरला आहे. घराच्या मागून पाट जातो आणि कागदांत 'अर्धा मायनर्स इंच' अशी नोंद आहे. एवढ्याशा परसाला ते पुरेल का? आणि घर घेतल्यावर ते आपोआप आमच्या नावावर होते का?

पाटकरी

अभिनंदन आधी करत नाही, मातीचा तिसरा अहवाल येऊ द्या.

अर्धा इंच म्हणजे मिनिटाला साडेपाच गॅलनहून थोडे अधिक, दिवसाला सुमारे ८,००० गॅलन. दोन खोल्यांच्या घराच्या परसाला ते पुरून शेजाऱ्याला उरेल. तुम्हांला एखादी टाकी आणि लहान पंप लागेल, कारण पाटकरी पट्टी बसवून गेला की पाणी तुम्ही झोपलात म्हणून थांबत नाही. नावावर आपोआप होईल असे धरून चालू नका. विक्रीची कागदपत्रे पुरी होण्याआधी सिंचन जिल्ह्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन लेखी विचारा, आणि एप्रिलची १५ तारीख जवळ आली आहे, तेव्हा या आठवड्यातच जा. कढीपत्ता मात्र कुंडीतच लावा. तिथे २,४०० फुटांवर डिसेंबरात दहिवर गोठते, आणि आमचे दोन कढीपत्ते अंगणातच गेले.